जोडलेली कंठी

आमच्या दाजींना सगळी गल्ली 'फोकस' म्हणते. समोर असले की 'फोकसकाका', पाठ फिरली की नुसतं 'फोकस'. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. घर पहिल्या मजल्यावर आणि घराखाली त्यांचा फोटो स्टुडिओ. त्यांच्या स्टुलावर कधीच बसला नाही असा माणूस या भागात शोधून सापडायचा नाही. मी त्यांची एकुलती एक मेव्हणी. पलीकडच्या गल्लीत राहते आणि लोकांना मोटार चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांसाठी माझा पाय ब्रेकवर असतो, त्यामुळे घरी येईपर्यंत अंगातला धीर संपलेला असतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी दाजींवर बरीच ओरडणार आहे.

दाजींचा हातखंडा रिटचिंगमध्ये. कॉम्प्युटर यायच्या आधी ते निगेटिव्हवर पेन्सिलीच्या टोकानं काम करायचे. मुरमं, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, काहीही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. गिऱ्हाइकानं सांगायची वाटही ते बघत नसत. एकदा एका सुताराच्या भुवईवरचा जुना व्रण त्यांनी पासपोर्टच्या फोटोतून पुसून टाकला. नेमकी अर्जात ओळखीची खूण म्हणून तोच व्रण लिहिलेला. खिडकीपलीकडच्या साहेबानं सुताराला परत पाठवलं, "फोटोतल्या माणसाला घेऊन या," म्हणाला. सुतार तणतणत स्टुडिओत आला. दाजींनी मुकाट्यानं नवा फोटो काढून दिला आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "पण चेहरा कसला स्वच्छ झाला होता गं." जित्याची खोड ती.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि जो तो स्वतःच स्वतःचा फोटोग्राफर झाला. आता स्टुडिओत दिवसभरात एखाददुसरं गिऱ्हाईक येतं. दाजींनी खालच्या दारावरच्या बेलची तार वर स्वयंपाकघरापर्यंत ओढून घेतली आहे. बेल वाजली की शर्टाची बटणं लावत जिना उतरतात, एरवी घरीच. घर चालतं ते ताईच्या नोकरीवर. ती एका शाळेच्या कचेरीत आहे, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. दाजींना याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. उलट तिचा डबा तेच भरून देतात.

त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दोन इमारतींमधल्या बोळात उघडते. उघडते म्हणायचं इतकंच, कारण ती कुणी कधी उघडत नाही. बोळात बघण्यासारखं काही नाही. वरून खाली गेलेले पाइप आणि समोरची ओली भिंत. सूर्य बरोबर डोक्यावर आला की तेवढ्यापुरता उजेड खाली उतरतो, बाकी दिवसभर तिथं तिन्हीसांजाच. अशा जागी, खिडकीपासून हातभर अंतरावर, पाइपाच्या कोपरावर होल्यांच्या जोडीनं चार काटक्या टाकल्या. होला म्हणजे कबुतराच्याच नात्यातला, पण अंगानं सडपातळ, राखी रंगाचा, मानेमागे काळी कंठी असलेला. घरटं म्हणायलाही लाज वाटावी असं ते घरटं होतं. पण त्यात दोन अंडी होती आणि अंड्यांवर पाखरू बसलेलं होतं.

दाजींनी जन्मात पक्ष्याचा फोटो काढलेला नव्हता. पण तासन्तास जागचं न हलता बसणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यांनी खालून कॅमेऱ्याचं स्टँड आणलं आणि ओट्याला खेटून उभं केलं. खिडकीच्या काचेवर काळं कापड लावलं आणि त्याला भिंगापुरतं भोक पाडलं. मग नियम सुरू झाले. फ्लॅश मारायचा नाही, पाखरू बिथरेल. आतला दिवा लावायचा नाही, काचेत प्रतिबिंब पडतं आणि पाखराला आतली माणसं दिसतात. उजेड कमी म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, तेवढ्यात कुणी फरशीवरून चाललं तर फोटो हलतो, म्हणून चालायचंसुद्धा नाही. ताईची स्वयंपाकाची वेळ सकाळ-संध्याकाळची, आणि दाजींच्या फोटोच्या तीन वेळांतल्या दोन त्याच.

"माझ्याच स्वयंपाकघरात मी आंधळी कोशिंबीर खेळतेय," ताई मला फोनवर म्हणाली. तेही कुजबुजत, कारण मोठ्यानं बोलायचीही बंदी होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच दिवसांत घरात दुसरी एक गोष्ट अडून बसली होती. माझी भाची, म्हणजे ताई-दाजींची मुलगी, तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन आईवडिलांकडे राहत होती. जावई बोटीवर नोकरीला, एकदा गेला की कित्येक महिने समुद्रावर. भाची पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि ते काम तिला मनापासून आवडतं. नळाचा पेला हातात घेतला तरी ती तो आधी उजेडात धरून बघते. तिच्या मॅडमनी तिची जागा इतके दिवस राखून ठेवली होती. आता त्यांनी निरोप धाडला होता की शुक्रवारपर्यंत कळव आणि सोमवारी हजर हो, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. पाळणाघरवाली बाई मूल चालायला लागल्याशिवाय घेत नाही. ताईची शाळा. म्हणजे दिवसा बाळाजवळ थांबू शकेल असा घरात एकच माणूस उरत होता, आणि तो काळ्या कापडाशी डोळा लावून बसला होता.

भाचीनं त्यांना विचारलं तेव्हा मी तिथंच होते. दाजी 'नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

"ही बघ. सकाळी बघतो तेव्हा बसलेली. दुपारी बसलेली, संध्याकाळी बसलेली. ना दाणा, ना पाणी. आई अशी असते."

"बाबा, ते पाखरू आहे. त्याला नोकरी नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

"आणि हिचा नवरा कुठाय?" मी मध्ये तोंड घातलं.

"असेल कुठंतरी उंडारत. नरांचं काय, ते तसलेच."

"वा! स्वतःच्या तोंडानं कबूल केलंत," मी म्हटलं. दाजी हसले नाहीत. एरवी माझ्या असल्या टोमण्यांवर ते दुप्पट टोमणा मारतात, म्हणून मला ते खटकलं.

इथंच माझं डोकं चालेना. दाजी जुनाट विचारांचे असते तर मी सरळ भांडले असते. पण बायकोच्या नोकरीबद्दल चकार शब्द न काढलेला हा माणूस. मुलीला प्रयोगशाळेत घेतलं तेव्हा स्टुडिओत येईल त्याला हाताला धरून सांगणारा. त्याच माणसाला अचानक आईची थोरवी आठवावी? मी ताईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे असं कोडं यांनी पहिल्यांदाच घातलंय." भाचीनं पुन्हा विषय काढला की दाजी पुन्हा पाखराकडे बोट करायचे. पालथ्या घड्यावर पाणी. इकडे शुक्रवार जवळ येत होता आणि पोरीचा चेहरा उतरत चालला होता.

अशात एका संध्याकाळी दाजींनी मला खाली स्टुडिओत बोलावलं.

"ये ड्रायव्हरबाई. जरा बघून सांग, मला वेड लागलंय का."

"त्यासाठी बघायला कशाला पाहिजे?"

त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो उघडले. एकामागून एक तेच पाखरू, तीच बैठक. मला तर एकच फोटो पुन्हापुन्हा दाखवल्यासारखं वाटलं. मग त्यांनी मानेवर बोट टेकवलं. दुपारच्या फोटोत काळी कंठी अखंड होती. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फोटोत ती मधोमध तुटलेली होती, मध्ये बारीकशी फट.

"पाखरू एक, कंठी दोन तऱ्हेची. कसं काय?"

"कॅमेरा बिघडला असेल."

"मग दुपारी कसा सुधारतो?"

त्यांनी काच पुसून झाली होती, भिंग पुसून झालं होतं, कॅमेऱ्यातलं कार्डसुद्धा बदलून झालं होतं. ताईला बोळाच्या बाजूनं काच धुवायला सांगितलं तेव्हा तिनं फडकं त्यांच्याच हातात दिलं होतं. शेवटी त्यांनी स्वतःच निकाल लावला. "उजेडात कंठी अखंड, अंधारात तुटकी. म्हणजे खोट अंधाराची. उजेड कमी पडला की कॅमेऱ्याला काळ्यातलं काळं कळत नाही, मध्येच भोक पडतं." ते असं काही ठासून बोलले की मी मान डोलावली. गिअरबॉक्स सोडून मला कुठल्या यंत्रातलं काही कळत नाही, आणि दाजींचा तर जन्म कॅमेऱ्यामागे गेलेला.

मग त्यांनी जे केलं ते जगात फक्त आमचे दाजीच करू शकतात. त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या एकूण एक फोटोतली कंठी जोडून टाकली. "लग्नाच्या फोटोत हार तुटलेला असला तर मी बसल्याबसल्या जोडतो. हिची कंठी कितीशी?" माझ्यादेखत ते एकेक फोटो घ्यायचे, फट बुजवायचे आणि मूळच्या फोटोवरच सेव्ह करायचे. मी शेजारी बसून बघत होते आणि खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कंठी फार सुबक जोडत होते.

दुसऱ्या दिवशी पाखराच्या सगळ्या फोटोंतला एक निवडून, मोठा करून, चौकटीत घालून त्यांनी बाहेरच्या खोलीत लावला. भाची बाळाला घेऊन ज्या खुर्चीत बसते तिच्या अगदी समोर. खाली सोनेरी अक्षरांत 'आई'. भाचीनं फोटोकडे बघितलं, बापाकडे बघितलं, उठली आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली.

गुरुवारी सकाळी माझ्या गाडीत एक नवा शिकाऊ होता. चौकात गाडी बंद पाडून घामाघूम झालेला. तेवढ्यात भाचीचा फोन आला.

"मावशी, ते दोन आहेत!"

"कोण दोन?"

"होले! मी दूध कोमट करायला आत गेले होते. बाबा अंघोळीला गेलेले. सहज भोकातून बघितलं. बाहेरून एक आला, पाइपावर उतरला. बसलेला उठला आणि उडून गेला, आलेला बसला. भांडण नाही, तंटा नाही. आणि मावशी, जाणाऱ्याची कंठी तुटकी होती, येणाऱ्याची अखंड!"

मला आधी काही कळलंच नाही. मागून हॉर्न वाजत होते आणि शिकाऊ मला विचारत होता की आता काय दाबू. भाची मात्र थांबेना. तिच्या प्रयोगशाळेत एकाला पक्ष्यांचा नाद आहे, त्याला तिनं लगेच विचारलंही होतं. होल्यांमध्ये नर-मादी दिसायला सारखेच. रात्रभर मादी बसते, सूर्य थोडा वर आला की नर येतो आणि दिवसभर तोच बसतो, दुपार कलली की पुन्हा मादी. "मावशी, बाबा ज्याला 'आई आई' म्हणतायत ना, तो बाप आहे."

मला हसू आवरेना. शिकाऊला वाटलं त्यालाच हसतेय. त्या दिवशी त्यानं पुढचा धडा घेतला नाही.

संध्याकाळी मी काम टाकून ताईकडे गेले. तिथं रणधुमाळी सुरूच होती.

"इतके दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसलोय," दाजी म्हणत होते, "आणि तू एकदा डोकावून मला शिकवतेस?"

"तुम्ही सकाळच्या बदलीला अंघोळीला जाता आणि दुपार कलतानाच्या बदलीला झोपलेले असता, बाबा. सकाळचे फोटो उघडा ना. कंठी बघू."

दाजींनी ताडकन फोन काढला, त्यात उतरवून घेतलेले सकाळचे फोटो उघडले. सगळ्या कंठ्या अखंड. अर्थात. त्यांनीच जोडल्या होत्या. ते एकापाठोपाठ एक फोटो सरकवत राहिले आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

"मूळचे कुठायत?" भाचीनं विचारलं.

"नाहीत. आज सकाळचेही मघाशीच जोडून टाकले."

"मग भिंतीवरचा हा कोण?"

दाजी चौकटीसमोर जाऊन उभे राहिले. आम्हीही त्यांच्या मागे. दुपारचा फोटो असेल तर हा बाप. सकाळ-संध्याकाळचा असेल, कंठी जोडलेला, तर आई. कधीचा ते दाजींना आठवेना. उजेडावरून सांगता आलं असतं, पण उजेडही त्यांनी वाढवून घेतला होता. ते पाखराच्या मानेवरून बोट फिरवत हळू आवाजात म्हणाले, "मला खरंच कळत नाहीये." मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

शुक्रवारी ताईच्या शाळेला सुट्टी होती. सकाळी आम्ही सगळे त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात जमलो. दाजी कॅमेऱ्यापाशी, शटरच्या बटणावर बोट. भाची बाळाला खांद्यावर घेऊन भिंतीला टेकून. ताई गॅससमोर, पण गॅस बंद. मी कापडाची कड किंचित बाजूला करून एका डोळ्यानं बघत होते. घरट्यात बसलेल्या पाखराची कंठी तुटकी होती. आता मलाही ती साफ दिसत होती, अंधार असूनसुद्धा. चार माणसं श्वास रोखून उभी, आणि कशासाठी, तर एक पक्षी उठतो का ते बघायला. बाहेरून कुणी बघितलं असतं तर आम्हाला खुळ्यात काढलं असतं. पण भाचीला दुपारच्या आत फोन करायचा होता, आणि या घरातला वाद त्या काटक्यांवर येऊन ठेपला होता.

तो आला. पंखांचा फडफडाट झाला आणि पाइपावर दुसरं पाखरू उभं राहिलं. बसलेली उठली. क्षणभर दोघं शेजारी शेजारी होते. मग ती उडाली आणि तो दोन पावलं चालत जाऊन अंड्यांवर अंग पसरून बसला. कंठी अखंड. दाजींनी बटण दाबलं होतं. नंतर पडद्यावर बघितलं तर फोटोत राखी रंगाचा एक फराटा होता आणि त्याला दोन माना.

"बाबा," भाची म्हणाली, "दिवसभर बसतो तो बाप आहे." तिच्या आवाजात जिंकल्याचा काहीच आनंद नव्हता, विनवणी होती. "आता तरी सांगा. मी मॅडमना काय कळवू?"

दाजींनी कॅमेऱ्याच्या भिंगाला झाकण लावलं आणि आमच्या मधून वाट काढत ते जिन्यानं खाली निघून गेले. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईनं दिवा लावला.

माझा पारा चढला. चूक झाली तर झाली, माणसानं कबूल करावं. रुसून काय जायचं? मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले ती सगळं बोलायचं ठरवूनच.

स्टुडिओत दिवे बंद होते. दाजी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले होते.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, दाजी? डोळ्यांनी बघितलंत ना? मग आता हो म्हणायला काय होतंय? पोरीची नोकरी जाईल. तुम्हाला त्या पाखराचा पुळका, आणि पोटच्या पोरीचं काहीच नाही?"

"बघितलं गं," दाजी म्हणाले.

"मग?"

"त्याला येतं."

"कुणाला काय येतं?"

"त्या होल्याला. आला आणि बसला. त्याला येतं." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मला येत नाही."

मला वाटलं यांचं खरंच डोकं फिरलं. अंड्यांवर बसायला कुणी सांगितलं होतं यांना? मी तसं म्हणणारही होते.

"मी बाळाला अजून उचललेलं नाही," दाजी म्हणाले. "एकदाही नाही. कुणाच्या लक्षात आलंय तुमच्या?"

मी आठवून बघितलं. बाळ ताईच्या मांडीवर, बाळ माझ्या खांद्यावर, बाळ शेजारणीच्या कडेवर. दाजी नेहमी समोर, हातात कॅमेरा. हातात कॅमेरा असलेल्या माणसाजवळ मूल कोण देणार?

"पोरीच्या वेळीही हेच," ते सांगत राहिले. "ही झाली तेव्हा जो तो म्हणायचा, फोटो काढा, फोटो काढा. मी काढत गेलो. अल्बम भरलाय. हिला मांडीवर घेतलेले सगळे आहेत त्यात, तूसुद्धा आहेस. मी नाही. लोकांना वाटतं, फोटो काढणाऱ्याचा फोटो कोण काढणार? मीही तेच सांगतो. पण खरं ते नाही. मला भीती वाटायची. एवढंसं मूल, हातून निसटलं तर? एकदा टाळलं, दोनदा टाळलं. मग ती चालायला लागली आणि टाळायची गरज उरली नाही."

मी दाराला टेकले.

"आता दिवसभर घरात मी एकटा. ते रडायला लागलं तर मी काय करू? त्याचा फोटो काढू?"

"अहो, मग हे सांगायचं ना! त्या पाखराला कशाला मध्ये ओढलंत?"

"काय सांगू? आजोबा झालोय आणि नातू धरता येत नाही, असं? या वयात?"

इतक्या त्वेषानं खाली आले होते, आणि आता तो राग कुठं ठेवू तेच मला कळेना. त्यांची दया येत होती. त्याच वेळी संतापही येत होता, की एवढ्या साध्या गोष्टीपायी पोरीला इतके दिवस रडवलं. शेवटी मला एवढंच सुचलं जे मी रोज गाडीत म्हणते.

"दाजी, माझ्याकडे साठी उलटलेली माणसं गाडी शिकायला येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात कापतात. मी ओरडते, ते चुकतात, पण शेवटी येतं सगळ्यांना. चला वर."

"तू सांग तिला."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

वर भाची फोन हातात घेऊन बसली होती. प्रयोगशाळेचा नंबर लावायचा बाकी होता. तिनं आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. दाजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मला वाटलं आता पुन्हा खिडकीकडे बोट करतात की काय.

"मला मूल धरता येत नाही," ते म्हणाले. "तुलाही कधी धरलं नव्हतं. शिकवशील का?"

भाचीनं ताईकडे बघितलं, ताईनं माझ्याकडे. भाचीला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. तिच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग राग गेला आणि त्या जागी काय आलं ते मला ओळखता आलं नाही. तिनं फोन खाली ठेवला.

"हात असे नाही, बाबा. ट्रे नाही घ्यायचा तुम्हाला." तिनं त्यांचा डावा कोपर वाकवला, मनगट वळवलं. "डोकं इथं. दुसरा हात खालून. खांदे सैल सोडा. श्वास घ्या." मग तिनं बाळाला त्यांच्या हातांत ठेवलं आणि स्वतःचे हात लगेच काढले नाहीत. हळूहळू काढले. दाजी ताठ उभे होते, एखाद्यानं जागेवर खिळे ठोकल्यासारखे. बाळ मात्र निवांत होतं.

भाचीनं फोन उचलला. "मॅडम, मी सोमवारी येतेय," ती म्हणाली, आणि पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "हो, आहे ना. बाबा आहेत घरी."

ते ऐकताना दाजींनी मान खाली घातली आणि बाळानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. नीट निरखून बघितलं. मग खालचा ओठ बाहेर काढला आणि भोकाड पसरलं. ताई सवयीनं दोन्ही हात पुढे करून धावली.

"आणा इकडे."

दाजींनी खांदा वळवला आणि बाळाला तिच्या हातांपासून लांब नेलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "रडू दे त्याला. तीन महिने झाले, अजून आमची ओळखच झालेली नाही."

ताईनं हात खाली घेतले.